उन्हात घातलेली दारं

१९८५च्या जानेवारीत बदलापूर पूर्वेला विष्णुपंत घारपुऱ्यांच्या घराला तीनेक आठवडे दिवसा धड दारं नव्हती. ऊन अंगणात उतरलं की एखादं दार बिजागरीतून सुटायचं, तुळशीपलीकडच्या भिंतीला टेकून शेकत उभं राहायचं, आणि दिवेलागणीच्या आत पुन्हा आपल्या चौकटीत जायचं. रस्त्यानं जाणारे थबकत. घर सोडताय का, असं कुणी माईंना विचारी. माई ओट्यावर वाल सोलत बसलेल्या असत. रंग चाललाय, एवढंच सांगून त्या पुन्हा सुपाकडे वळत.

ज्या बाईच्या सांगण्यावरून हे चाललं होतं ती पालेगावची कौसाबाई. तिशीची, काटक, बोलायला कमी. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला आणि केसांत धूळ जाऊ नये म्हणून डोक्याला नवऱ्याचा जुना पंचा गुंडाळलेला. त्या थंडीपर्यंत तिनं ऑइलपेंटचा ब्रश एकदाही दाराला लावला नव्हता.

रंग म्हणजे तिच्या लेखी चुना. तिचं माहेर बारवी नदीच्या अंगाला. तिथं दसऱ्याआधी घर सारवून, चुना मारून घ्यायची रीत. आई पिंपात कळीचा चुना भिजवायची, तो रात्रभर खदखदायचा. सकाळी फडक्यातून गाळून त्यात डिंकाचं पाणी आणि चिमूटभर नीळ. कुंचला केतकीच्या मुळीचा, दगडावर ठेचून मऊ केलेला. लहानपणी कौसाला वाटायचं, आई नुसतं पाणीच मारतेय, कारण ओल्या भिंतीवर चुना दिसतच नसे. मग आई सांगायची, चुना ओला असताना गप असतो, वाळला की बोलतो. दुपार कलता कलता भिंत हळूहळू पांढरी होत जायची आणि कौसा तिच्यासमोर बसून राहायची. पुढं कितीतरी वर्षांनी, दुसऱ्यांच्या बंगल्यांतून रंगाचे डबे उघडताना, तिला त्या भिंतीसमोरची दुपार आठवायची.

लग्न होऊन ती पालेगावात आली. नवरा रघू. भावाभावांत थोडी भातशेती होती. पण पावसाळ्याचे चार महिने सोडले तर रघू रंगारी. हे काम तो उल्हासनगरला, कॅम्प एकमध्ये, लधाराम शेठच्या हाताखाली शिकला होता. लधाराम फाळणीनंतर बराकीत आलेला माणूस. सुरुवातीला त्यानं स्वतः बराकींची दारं रंगवली आणि पुढं रंगाचं दुकान टाकलं. रघूचा हात साफ होता, पण त्याची खरी करामत होती डोळ्यात. साडीचा काठ दाखवा, सायकलचा मडगार्ड दाखवा, रघू चार डब्यांतून थोडं थोडं घेऊन हुबेहूब तोच रंग समोर ठेवायचा. लधाराम रंगांचं कार्ड बाजूला सारून गिऱ्हाइकाला सांगायचा, कार्ड मत देखो, रघू को दिखाओ.

शेतीची कामं आटपली की कौसाबाईही नवऱ्याबरोबर जायची. जुने पोपडे खरवडायचे, पॉलिश पेपरनं लाकूड घासायचं, खिळ्यांच्या भोकांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायची, हे तिचं काम. ब्रश मात्र रघूचा. तो तिला हात लावू देत नसे असं नव्हे. तिनं कधी मागितलाच नव्हता.

विष्णुपंतांचं काम रघूनं दिवाळीनंतर घेतलं. विष्णुपंत अंबरनाथच्या एका कारखान्यात अधिकारी होते, करड्या शिस्तीचे. सकाळचा चहा, आंघोळ, घरातून निघणं, सगळं घड्याळावर. पत्नी माई त्यांच्या अगदी उलट, सावकाश आणि हसऱ्या. त्यांची मुलगी उमा नाशिकला दिलेली. तिला पावसाळ्यात मुलगा झाला होता आणि संक्रांतीला ती बाळाला घेऊन यायची होती. नातवाचं बोरनहाण आजोळी करायचं ठरलं होतं. त्याआधी घराला रंग व्हावा आणि त्याचा वासही उडून जावा, अशी विष्णुपंतांनी आखणी केली होती. कागदावर तारखा मांडून तो कागद त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला होता.

भिंती झाल्या. उरली पाच दारं आणि अकरा खिडक्या. डिसेंबरच्या मधल्या एका सकाळी रघू पागोळीखालची फळी रंगवायला शिडीवर चढला. रात्रभर दंव पडलेलं होतं. बांबूची पायरी ओली, गुळगुळीत. वरून दुसऱ्या पायरीवर त्याचा पाय सरकला आणि तो खालच्या सिमेंटच्या कट्ट्यावर उजव्या अंगावर आपटला. कौसाबाई मागच्या बाजूला खिडकी घासत होती. आवाज ऐकून ती धावत आली तेव्हा तो उठून बसायचा प्रयत्न करत होता आणि आपला उजवा हात डाव्या हातानं धरून त्याच्याकडे पाहत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

विष्णुपंतांनी त्या दिवशी कारखान्याला दांडी मारली. रिक्षा आणली, दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईपर्यंत थांबले. खुब्याच्या हाडाला चीर गेली होती आणि उजवं मनगट मोडलं होतं. हाडं जुळतील, असं डॉक्टर म्हणाले. पण बोटांतली पकड कितपत परत येईल हे सांगता येणार नाही, असंही म्हणाले, आणि ते रघूच्या समोरच म्हणाले.

घरी आल्यावर रघू भिंतीकडे तोंड करून पडला. कौसाबाई भाकरी कुस्करून भरवायला गेली की डाव्या हातानं ताटली ओढून घ्यायचा. लेक अंजना सहा वर्षांची, ती बापाच्या प्लास्टरवर खडूनं फुलं काढायची, तरी तो तिच्याशीही बोलत नसे. आठ दिवस असेच गेले.

नवव्या दिवशी कौसाबाई बदलापूरला निघाली. ब्रश, डबे, शिडी तिथंच पडून होती. ती आणायची आणि काम होणार नाही, दुसरा माणूस बघा, असं सांगायचं. शेतांच्या बांधावरून तासाभराची वाट. भाताच्या कापलेल्या धसांमध्ये वालाचे वेल पसरलेले. धुकं इतकं, की पुढं चालणारी म्हैस तिला आधी ऐकू आली आणि मग दिसली.

माईंनी तिला चहा दिला, रघूची विचारपूस केली. बोलता बोलता त्या उठून माजघराच्या खिडकीपाशी गेल्या आणि घासलेल्या चौकटीवरून बोटं फिरवून म्हणाल्या, "हे तूच केलंयस ना? मग पुढचंही तूच कर."

कौसाबाई म्हणाली, आपल्याला येत नाही. माई म्हणाल्या, खिडकी आमची, आमची बिघडू दे.

संध्याकाळी विष्णुपंतांना हे कळलं तेव्हा त्यांना ते फारसं पटलं नाही. बाई रंगारी त्यांनी पाहिली नव्हती. पण रघू त्यांच्या अंगणात पडला होता, ती गोष्ट त्यांना बोचत होती. एक खिडकी करून बघ, मग ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता कौसाबाईनं डबा उघडला. रंग काकवीसारखा घट्ट. ब्रश ओढला तर तो लाकडाला चिकटून मागं राहिला. तिनं आणखी रंग घेतला, आणखी जोर लावला. दुपारी पाहते तो खिडकीच्या खालच्या कडेला रंगाचे ओघळ उतरून थेंब धरलेले, आणि वरच्या बाजूला ब्रशचे केस न केस उमटलेले. संध्याकाळी विष्णुपंत आले, चष्मा पुसून त्यांनी खिडकी पाहिली आणि काही न बोलता आत गेले. त्यांनी काही म्हटलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

घरी येऊन ती चुलीपुढं बसली. रघू पाठमोरा. तिनं जे झालं ते सांगायला सुरुवात केली, त्याला म्हणून नव्हे, चुलीलाच सांगितल्यासारखं. ओघळ आले, रेघा राहिल्या, रंग पसरेचना. मग भिंतीकडून आवाज आला.

"डबा थंड व्हता. लाकूड बी थंड."

दहा दिवसांत त्यानं उच्चारलेलं हे पहिलं धड वाक्य. कौसाबाई हलली नाही. हललं तर तो गप्प होईल अशी तिला भीती वाटली. हळूहळू तो कुशीवर वळला. किती वाजता लावला, ऊन कुठं होतं, किती बुडवला ब्रश, असं एकेक विचारू लागला. मग म्हणाला, पाणी आण. तिनं तांब्या आणला. जुना ब्रश पाण्यात बुडवून त्यानं तिला मातीच्या भिंतीवर ओढायला लावला. आधी उभा, मग आडवा, आणि सगळ्यात शेवटी टोकाटोकानं, श्वास धरून, वरून खाली एकच हात. हा शेवटचा हात रंग लावायचा नसतो, असं तो म्हणाला, तो लावलेला रंग शांत करायचा असतो. भिंतीवरचं पाणी सुकायचं, ती पुन्हा ओढायची. अंजना मध्येच झोपून गेली.

थंडीत डबा कसा गरम करायचा तेही त्यानं सांगितलं. चुलीवर नाही, स्टोव्हजवळ तर मुळीच नाही. टर्पेंटाइन पेट घ्यायला टपलेलं असतं. झाकण सैल करून, आगीपासून लांब, घमेल्यातल्या कढत पाण्यात ठेवायचा. माईंकडे रोज सकाळी तांब्याचा बंब पेटायचा, पाण्याला तोटा नव्हता. पण रंग उघडायची वेळ नेमकी झाली हे कसं ओळखायचं, ते रघूला सांगता येईना. ते हातालाच कळतं, असं तो म्हणाला.

ते कौसाबाईनं आपलं आपण शोधलं. माईंच्या फडताळात खोबरेलाची बाटली होती. थंडीत तेल गोठून पांढरं घट्ट व्हायचं आणि वेणी घालायच्या वेळी माई ती उन्हात ठेवायच्या. एका सकाळी ओट्यावरच्या सावलीत राहिलेली बाटली तिनं पाहिली. तेल कडेनं सुटत आलं होतं. तिनं लाकडाला हात लावला, तेही ऊबदार लागलं. त्या दिवशी ब्रश लोण्यातून गेल्यासारखा गेला. मग तिनं नियमच केला. सावलीतलं खोबरेल विरघळेपर्यंत डबा उघडायचा नाही, आणि ऊन पायरीवरून उतरलं की डबा बंद. घरी येऊन तिनं हे रघूला सांगितलं. तो आधी तिच्याकडे बघत राहिला आणि मग हसला. खुबा दुखत होता म्हणून जपून हसला, पण हसला.

बिघडलेली खिडकी खरवडून तिनं पुन्हा केली. विष्णुपंतांनी चष्मा पुसून पाहिलं आणि बाकीच्या खिडक्यांचं काम सुरू झालं. मग आली दारं. घराच्या आतली दारं सावलीत, गारठलेली. तिथं ती वाळायची नाहीत हे तिला दिसत होतं. तेव्हा ती एकेक काढून बाहेर आणायची कल्पना निघाली. सकाळी दार उन्हात शेकायचं, लाकूड ऊबदार झालं की ओट्यावरच्या सावलीत आडवं घालून एका बाजूला रंग द्यायचा, आणि दंव पडायच्या आधी आत न्यायचं. दिवसाला एक दार, तेही एकाच अंगाला. शेजारचे जयदेव मास्तर ही दारं उचलू लागत आणि प्रत्येक वेळी विचारत, बाई, आज कुठल्या खोलीचा पापड वाळत घालायचा?

विष्णुपंतांचा जीव मात्र त्या कागदावरच्या तारखांत अडकलेला. त्यांच्या कारखान्यात लोखंडी कपाटं रंगून भट्टीत जायची आणि वीस मिनिटांत खडखडीत वाळून बाहेर यायची. आणि इथं ही बाई बाटलीकडे बघत दहा-साडेदहापर्यंत बसून राहते, साडेतीनला हात धुते. डब्यावर आठ तासांत वाळतो असं छापलंय, हे त्यांनी तिला वाचून दाखवलं. कौसाबाई म्हणाली, "सायब, ज्यानं लिवलं त्यो बदलापूरच्या थंडीत आलेला नाय."

संक्रांत चार दिवसांवर आली आणि मळभ धरलं. फक्त पुढचं मोठं दार उरलं होतं. अस्तर झालेलं, रंगाचा शेवटचा हात बाकी. कौसाबाई सकाळी आली, आभाळ पाहिलं, बाटली पाहिली. तेल दुपारीही पांढरंच. दुसऱ्या दिवशीही तेच. आज नको, असं सांगून ती परत गेली.

त्या संध्याकाळी विष्णुपंतांनी बाह्या दुमडल्या. एवढं अवघड त्यात काय आहे, असं त्यांना खरंच वाटत होतं. माई नको म्हणत होत्या. त्यांनी दिव्याच्या उजेडात, जागेवरच, डब्यात होता नव्हता तेवढा रंग पुढच्या दाराला फासला. गारठा आत येऊ नये म्हणून बाकी दारं-खिडक्या घट्ट लावल्या आणि समाधानानं जेवायला बसले.

सकाळी कौसाबाई फाटकातून आत आली तेव्हा ते दारासमोर उभे होते. तपकिरी चकाकीवर दुधाळ पांढुरकं पटल आलं होतं. दिव्यावर येणारी चिलटं शेकड्यानं चिकटली होती. मधोमध पाच बोटांचा ठसा, वाळलं का ते पाहायला त्यांनी स्वतः लावलेल्या हाताचा. कौसाबाईनं दार पाहिलं, मग त्यांची बोटं पाहिली. तपकिरी डाग अजून निघाले नव्हते. तिला आपली पहिली खिडकी आठवली होती.

"चूक माझी आहे," विष्णुपंत म्हणाले. "आता काय करायचं तेवढं सांगा."

आजवर ते तिला अगं-तुगं करत आले होते. त्या सकाळपासून ते अहो-जाहो म्हणू लागले.

तिनं सांगितलं ते त्यांना रुचणारं नव्हतं. हा रंग कच्चा आहे, आता घासला तर लोळ्या होतील. तो पुरता वाळू द्यायचा, ऊन निघालं की पाण्याच्या पॉलिश पेपरनं उतरवायचा आणि मग नव्यानं हात द्यायचा. आठ दिवस तरी हवेत, वर वास जायला आणखी चार. संक्रांत परवावर. विष्णुपंत आत जाऊन कपाटातल्या कागदासमोर उभे राहिले. तेव्हा माईंनी त्यांना शांतपणे सांगितलं, की बोरनहाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं. आणि पोराला वासात आणण्यापेक्षा रथसप्तमी बरी. ज्या माणसानं उभ्या आयुष्यात ठरलेली तारीख बदलली नव्हती त्यानं सायकल काढली, तार ऑफिसात गेला आणि व्याह्यांना तार केली.

आणखी एक अडचण होती. रंग संपला होता. दुसरा डबा आणला तर तो रंग आतल्या दारांशी जुळेना, कारण मूळचा रघूनं स्वतः बनवलेला होता, तपकिरीत काय काय घालून ते त्यालाच ठाऊक. कौसाबाईनं दोनदा बनवून पाहिला. एकदा तांबूस झाला, एकदा मातकट. रघूला इथं यायला सांगायचं तिच्या जिवावर आलं होतं. आपल्या कामावर आपली बायको उभी असलेली त्याला बघवेल का, हे तिला कळत नव्हतं. तिनं घरी नुसतंच सांगितलं, की रंग जुळत नाही. पण आठवड्यानं, ऊन पडलेल्या रविवारी विष्णुपंत स्वतः रिक्षा घेऊन पालेगावात दाराशी आले, तेव्हा तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसलेला होता.

अंगणात त्याला खुर्ची दिली. उजवा हात गळ्यात. त्यानं आतलं एक दार उन्हात आणायला सांगितलं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिला. मग डाव्या हातानं एकेक डब्याकडे बोट दाखवत गेला. कौसाबाई ओतत होती, काडीनं ढवळत होती. काळा दोन थेंब. पिवळा घाल. अजून. थांब. काडीनं दाराच्या कडेला एक ठिपका लावून त्यानं डोळे बारीक केले. मग म्हणाला, एक थेंब तांबडा. तो पडला आणि ठिपका दारात विरून गेला, कुठं लावला होता ते शोधूनही सापडेना. विष्णुपंत वाकून शोधत होते. त्यांच्या कारखान्यात असा माणूस नाही, असं ते माईंना म्हणाले, आणि ते रघूनं ऐकलं.

मग कौसाबाईनं कच्चा रंग उतरवून तयार ठेवलेलं मोठं दार घेतलं. रघू पाहत होता. उभा, आडवा, आणि शेवटी टोकाटोकानं वरून खाली. तिनं ब्रश टर्पेंटाइनमध्ये ठेवला आणि मागं वळून पाहिलं.

"खाली कडंला जरा जाड झालाय," रघू म्हणाला. आणि थोड्या वेळानं, "बाकी माजा हात असाच पडायचा."

रथसप्तमीला उमा बाळाला घेऊन आली. माईंनी कौसाबाईला अंजनासह बोलावलं होतं. हलव्याचे दागिने घातलेलं बाळ पाटावर बसलं, त्याच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतले आणि गल्लीतली पोरं तुटून पडली. अंजनानं ओच्यात मावतील तेवढी बोरं गोळा केली. उमानं दारावरून हात फिरवून विचारलं, हे कुठल्या रंगाऱ्याकडून करून घेतलं. माईंनी नुसतं कौसाबाईकडे बोट दाखवलं. सगळ्या बायका वळून पाहू लागल्या तेव्हा कौसाबाईला काय करावं सुचेना. तिनं खाली पडलेले चुरमुरे वेचायला घेतले.

त्यानंतरच्या थंडीपासून तिला बोलावणी येऊ लागली. दिवाळीआधीची धावपळ इतर रंगाऱ्यांची. दिवाळीनंतरचा थंडीचा काळ कौसाबाईचा. बदलापूरच्या बंगल्यांतून, अंबरनाथच्या कॉलन्यांतून लोक म्हणू लागले, घाई असेल तर दुसरा बघा, दारं चांगली हवीत तर पालेगावची बाई. सुरुवातीला नाक्यावरचे रंगारी हसायचे. धोंडिबा नावाचा एक म्हातारा रंगारी तर म्हणायचा, ही बाई रंग लावत नाही, दारांना ऊन पाजते. दोन वर्षांनी तोच आपल्या मुलीच्या लग्नघराची दारं घेऊन तिच्याकडे आला.

रघूच्या बोटांत पकड आली नाही. पण खुबा सावरला, काठी घेऊन तो चालू लागला आणि तिच्याबरोबर कामावर यायला लागला. तो बसून रंग बनवायचा, ती लावायची. दोघं मिळून कॅम्प एकमध्ये लधारामच्या दुकानी जायची. लधाराम तिला अदी म्हणे, म्हणजे सिंधीत ताई. रघूसाठी स्टूल आणि तिच्यासाठी चहा मागवायचा आणि पिस्ता, गुलाबी, मोरपिशी असे रंग समोर मांडून विचारायचा, बोल अदी, इस ठंडी में कौन सा चलेगा? सिंध्यांच्या घरांत रंगांची हौस दांडगी. एका लग्नघरात तिनं सात दारांना सात रंग दिले आणि रघूनं त्यातले दोन असे बनवले, की घरमालकीण त्यांची नावं विचारत राहिली. त्याला नावं माहीत नव्हती. एकाला तो वालाच्या फुलाचा म्हणाला, दुसऱ्याला अंजनाच्या फ्रॉकचा.

ती आठ-दहा वर्षं भरभरून गेली. दुपारी काम थांबवून दोघं कुणाच्या तरी ओट्यावर उन्हात भाकरी खात बसायची. शेजारी दारं वाळत असायची, टर्पेंटाइनचा वास हातांना, भाकरीलाही. पुढं कौसाबाईला आयुष्यातलं सुख म्हटलं की तेच ओटे आठवायचे. काय बोलत असत ते आठवायचं नाही. बहुधा काही बोलतच नसत.

नव्वदनंतर बदलापुरात चाळी, बंगले पडून बिल्डिंगी उठू लागल्या. दारं कारखान्यातून तयार येऊ लागली, रंगाचं काम ठेकेदारांच्या टोळ्यांकडे गेलं. चार दिवसांत मजला. कौसाबाईचे गुडघेही बोलू लागले होते. अंजना पुढं बारावी होऊन शिवणाचं काम शिकली आणि ९७ला लग्न होऊन कर्जतला गेली. ९५च्या थंडीत कौसाबाईनं दोनच घरं केली, पुढच्या थंडीत एकही नाही. कुणी रागावलं नाही, कुणी निरोप घेतला नाही. बोलावणी येईनाशी झाली, एवढंच.

९८च्या डिसेंबरात पालेगावात, त्यांच्या वालाच्या शेताला लागून, पहिली चार मजली इमारत उभी राहिली. एका सकाळी सातच्या सुमाराला कौसाबाई तिकडून पाणी घेऊन येत होती. धुकं होतं. तळमजल्याच्या खिडक्यांच्या लोखंडी जाळ्यांना दोन तरुण रंगारी ऑइलपेंट मारत होते, तोंडातून वाफा निघत होत्या. तिनं कळशी खाली ठेवली. लधारामच्या दुकानात शिकलेल्या हिंदीत तिनं सांगितलं, की अभी मत लगाओ बेटा, धूप आने दो, सफेद हो जाएगा. ते दोघं अदबीनं हसले. एक म्हणाला, मौसी, शाम तक पूरा करने का है. तिनं मान डोलावली. त्यांचंही खरं होतं. थोडा वेळ ती त्यांच्या हातांकडे बघत उभी राहिली. त्यातल्या एकाचा हात चांगला होता.

ती घरी आली. रघू ओट्यावर गोधडी पांघरून उन्हाची वाट बघत बसला होता. तिनं त्याला जाळ्यांचं सांगितलं. रंग कोणता मारतायत, त्यानं विचारलं. निळा, ती म्हणाली. निळा म्हणजे कोणता, आकाशी का शाईचा? ती म्हणाली, दोन्हीच्या मधला, त्यात थोडा हिरवा पडलाय असं वाटलं. रघू म्हणाला, हिरवा नसेल, पिवळा असेल, पिवळा पडला की तसा दिसतो. ती म्हणाली, मी डोळ्यांनी पाहिलाय. मग त्यानं काठी घेतली, ती उठली, आणि दोघं त्या इमारतीकडे तो रंग नीट बघून यायला निघाली.